‘पुश’ : पुढे की मागे?

इंग्रजी शब्दांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी सगळे एकाच शब्दाभोवतीचे घेतले आहेत. ‘पुश’ हा खरं तर प्राथमिक शाळेत शिकलेला शब्द. पण त्याच्यामागे ‘बॅक’, ‘फॉर’, ‘थ्रू’, ‘इन्टू’ असं काही लागलं की भल्याभल्यांची गडबड होते. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचलीत तर चटकन लागतील.

प्रश्न : आपण बटण दाबतो, दार ढकलतो, बंद पडलेल्या गाडीला धक्का मारतो, खुर्ची सरकवतो, ठराव रेटतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘पुश’च? मग ‘प्रेस’ कधी वापरायचं?

‘पुश’ एवढंच सांगतो की जोर लावला गेला, आणि तो लावणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने लावला गेला. एकदम लावला की हळूहळू, हाताने की खांद्याने, वस्तू हलली की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मराठीने ही कामं वेगवेगळ्या क्रियापदांना वाटून दिली आहेत. म्हणून ‘पुश’चं मराठी करताना आधी त्याचं कर्म बघावं. बटण असेल तर दाबणं, हातगाडी असेल तर ढकलणं, गर्दी असेल तर लोटणं, विधेयक असेल तर रेटणं. सगळीकडे ‘ढकलणे’ चिकटवलं की ‘कृपया बटण ढकला’ असल्या पाट्या तयार होतात.

‘प्रेस’मध्ये जोर एका जागी, बहुधा सपाट पृष्ठभागावर लागतो आणि वस्तू जागची हलावी अशी अपेक्षा नसते. जखमेवर बोळा दाबून धरणं, कपड्याला इस्त्री करणं, काचेला नाक लावून बघणं, हे सगळं ‘प्रेस’. किबोर्डची कळही ‘प्रेस’च करतात. बटण मात्र दोघांच्या हद्दीवर आहे. ते दाबलं जातं आणि थोडं आतही जातं, म्हणून ‘प्रेस द बटन’ आणि ‘पुश द बटन’ दोन्ही बरोबर. ब्रिटिश लिखाणात ‘प्रेस’कडे कल जास्त दिसतो, एवढंच. ‘पुश समवन्स बटन्स’ हा वाक्प्रचार वेगळा. एखाद्याला कशाने राग येतो हे ओळखून नेमकं तिथेच बोट ठेवणं, असा त्याचा अर्थ.

गाडीच्या बाबतीत एक घोळ हमखास होतो. ‘पुश स्टार्ट’ म्हणजे आजकाल किल्लीऐवजी बटण दाबून गाडी सुरू करणं. जुना अर्थ मात्र धक्का मारून सुरू करणं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘डू नॉट पुश-स्टार्ट धिस व्हेइकल’ असं लिहिलेलं असतं ते दुसऱ्या अर्थाने. धक्का मारून गाडी सुरू करायची तर इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडी माणूस भरभर चालतो तितक्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनने धरलं की पुन्हा दाबायचा. ऑटोमॅटिक गाडीत हे जमत नाही. इंजिन बंद असताना तिच्या चाकांचा आणि इंजिनाचा घट्ट सांधा जुळलेला नसतो, त्यामुळे चाकं फिरली तरी इंजिन फिरत नाही. ब्रिटनमध्ये या प्रकाराला ‘बंप स्टार्ट’ म्हणतात, त्यात बटणाचा गोंधळ उरत नाही.

प्रश्न : ‘आय पुश्ड द डोअर, बट इट डिडन्ट ओपन’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. विद्यार्थी म्हणाले, दार ढकललं म्हणजे उघडलंच, वाक्य चूक आहे. त्यांना कसं समजवावं?

वाक्य बरोबर आहे. ‘दार ढकललं’ म्हटलं की मराठी कानाला ते हललेलं दिसतं. ‘पुश’मध्ये हलणं गृहीत नाही. निकाल सांगायचा असेल तर तो वेगळ्या शब्दाने, कर्माच्या नंतर सांगावा लागतो. ‘शी पुश्ड द डोअर ओपन’ म्हणजे ढकलून उघडलं. ‘पुश्ड द डोअर शट’ म्हणजे लोटून घेतलं. ‘पुश्ड द प्लेट अवे’ म्हणजे ताट बाजूला सारलं. ‘पुश्ड हिम ओव्हर’ म्हणजे पाडलं, आणि ‘पुश्ड पास्ट हिम’ म्हणजे त्याला रेटून पुढे गेली.

आणखी बारीक फरक ‘ॲट’चा. ‘पुश्ड ॲट द डोअर’ म्हटलं की जोर लावून पाहिला, बहुधा पुन्हापुन्हा, आणि तो फळाला आला नसावा असा वास त्याला येतो. वर्गात चार वाक्यं शेजारीशेजारी लिहून बघा: ‘पुश्ड ॲट द डोअर’, ‘पुश्ड द डोअर’, ‘पुश्ड द डोअर अजार’, ‘पुश्ड द डोअर ओपन’. पहिल्यात दार बहुधा हललेलं नाही, दुसऱ्यात कळत नाही, तिसऱ्यात किलकिलं झालंय, चौथ्यात उघडलंय. मुलांना दार प्रत्यक्ष ढकलायला लावलंत तर व्याख्या सांगायची गरज पडत नाही.

प्रश्न : आम्ही परदेशी ग्राहकाबरोबरची बुधवारची मीटिंग दोन दिवस पुढे ढकलली. मी मेलमध्ये ‘पुश्ड फॉरवर्ड बाय टू डेज’ लिहिलं. समोरची मंडळी सोमवारीच कॉलवर हजर! चूक कोणाची?

‘फॉरवर्ड’ची. मराठीत तारीख लांबली की आपण ‘पुढे ढकलली’ म्हणतो. इंग्रजीत लांबली की ती ‘पुश्ड बॅक’ होते, म्हणजे शब्दशः मागे ढकलली जाते. दोन भाषांतली दिशा बरोबर उलटी आहे, आणि मराठी माणसाचा पाय इथे जितका घसरतो तितका ‘पुश’च्या दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात घसरत नसेल.

असं का, हे एकदा डोळ्यांपुढे आणलं की विसरायला होत नाही. ‘पुढे ढकलणे’मध्ये आपण चालतो आहोत, भविष्यकाळ समोर आहे आणि कार्यक्रम आपल्यापासून आणखी पुढे सरकवला आहे. ‘पुश बॅक’मध्ये आपण एका जागी उभे आहोत आणि येणारे दिवस रांग लावून आपल्याकडे येत आहेत. रांगेतल्या कार्यक्रमाला मागे पाठवलं की तो उशिरा पोचणार. त्याच हिशेबाने ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणणं, लवकर घेणं.

गंमत म्हणजे ‘फॉरवर्ड’ने इंग्रजी मातृभाषा असलेलेही गोंधळतात. ‘पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस मूव्ह्ड फॉरवर्ड झाली, तर ती आता कोणत्या वारी?’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ वापरला आहे. काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकल रॅम्सकर यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न रांगेत उभ्या असलेल्यांना आणि रेल्वेच्या व विमानाच्या प्रवाशांना विचारला होता. रांगेत बरंच पुढे आलेले किंवा प्रवास संपत आलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकले. आपण स्वतः पुढे सरकतो आहोत ही भावना ताजी असली की ‘फॉरवर्ड’चा अर्थही त्यांना ‘नंतर’ असा लागतो. तेव्हा तुमच्या ग्राहकाला दोष देऊ नका.

कामाच्या मेलसाठी एवढं पुरेल. उशिरा असेल तर ‘पोस्टपोन्ड टू’ किंवा ‘पुश्ड बॅक टू’, लवकर असेल तर ‘ब्रॉट फॉरवर्ड टू’. दोन्हीकडे ‘टू’नंतर वार आणि तारीख दोन्ही लिहा, जमल्यास जुनी तारीखही: ‘फ्रॉम वेन्सडे 12 टू फ्रायडे 14’. ‘बाय टू डेज’ एकटं सोडू नका. ‘मूव्ह अप’ अमेरिकन बोलीत ‘लवकर घेणं’ या अर्थाने चालतं, पण इतरत्र वाचणाऱ्याला ते लगेच उमजेल असं नाही. ‘प्रीपोन’ सोयीचा शब्द आहे आणि आपल्याकडे सर्रास वापरला जातो. भारताबाहेरच्या वाचकासाठी तो टाळलेला बरा.

याच प्रयोगातला दुसरा सापळा ‘ऑन’चा. ‘वुई पुश्ड बॅक द डेडलाइन’ म्हणजे आम्ही मुदत लांबवली. ‘वुई पुश्ड बॅक ऑन द डेडलाइन’ म्हणजे त्या मुदतीला आम्ही हरकत घेतली. मुदत बदलली की नाही ते अजून कळलेलं नाही. दोन अक्षरांच्या ‘ऑन’ने निर्णयाचा वाद झाला. या दुसऱ्या अर्थाचं नाम एक सलग शब्द, ‘पुशबॅक’: एखाद्या प्रस्तावाला झालेला विरोध. मराठीत आणताना ‘प्रतिकार’ फार वजनदार होतो. ‘हरकत’ किंवा ‘विरोध’ बरोबर बसतं.

विमानतळावरचा ‘पुशबॅक’ मात्र अक्षरशः मागे ढकलणं. विमान नाक इमारतीकडे करून उभं असतं, त्याला टग नावाचं वाहन पुढच्या चाकाला दांडा जोडून किंवा चाकच उचलून धरून मागे ढकलतं. जेट विमानाला इंजिनाचा झोत उलटवून मागे येणं तत्त्वतः अशक्य नाही, पण त्या झोताने खडेमाती उडते, इमारतीला आणि माणसांना धोका होतो, शिवाय कानठळ्या बसतात.

प्रश्न : ‘हिज फादर पुश्ड हिम टू स्टडी’ आणि ‘पुश्ड हिम इन्टू स्टडीइंग’ यांत फरक आहे का?

आहे, आणि तो वडिलांच्या स्वभावाचा आहे. ‘पुश समवन टू डू समथिंग’ म्हणजे मागे लागून करायला लावलं. त्यात कौतुकही असू शकतं, ‘शी पुश्ड मी टू डू बेटर’ असं विद्यार्थी शिक्षिकेबद्दल म्हणतो. ‘पुश समवन इन्टू डूइंग’मध्ये मनाविरुद्ध भरीला घातल्याची तक्रार असते. वकिली करायची नव्हती, घरच्यांनी करायला लावली, तर ‘पुश्ड इन्टू लॉ’.

‘फॉर’ आला की माणसाऐवजी मागणी पुढे येते. ‘द युनियन इज पुशिंग फॉर हायर वेजेस’ म्हणजे संघटनेने वेतनवाढ लावून धरली आहे. माणूस आणि मागणी दोन्ही सांगायचे तर ‘पुश्ड हिम फॉर ॲन आन्सर’, म्हणजे उत्तरासाठी त्याच्या मागे लागले. ‘पुश्ड मी फॉर स्टडीइंग’ हे मराठी ‘अभ्यासासाठी’वरून आलेलं आहे; इंग्रजीत ते बसत नाही. ‘पुश थ्रू’ म्हणजे विरोध असताना रेटून मंजूर करून घेणं. ‘पुश अहेड विथ’ म्हणजे अडचणी असूनही काम चालू ठेवणं. ‘पुश ऑन’ म्हणजे थकवा आला तरी वाट चालत राहणं.

प्रश्न : शव्ह, थ्रस्ट, नज, जॉसल, पोक... शब्दकोशात सगळ्यांपुढे ‘ढकलणे’ लिहिलंय. नेमकं कुठे काय?

शब्दकोशाने आळस केलाय. ‘शव्ह’ म्हणजे एकदम, आडदांडपणे, समोरच्याची पर्वा न करता ढकलणं. वस्तूंच्या बाबतीत त्याला ‘कोंबणे’ चपखल बसतं: ‘शव्ह्ड हिज क्लोद्ज इन्टू अ बॅग’, घड्याबिड्या न घालता कपडे बॅगेत कोंबले. ‘पुशिंग अँड शव्हिंग’ म्हणजे रेटारेटी. धक्काबुक्की म्हणू नका, त्यात ‘बुक्की’ आहे. इंग्रजीत ठोसा मारलेला नाही.

‘थ्रस्ट’मध्ये टोक आणि नेम आहे: खुपसणं, भोसकणं, किंवा समोर हात करून एकदम पुढे धरणं. याचा भूतकाळही ‘थ्रस्ट’च, ‘थ्रस्टेड’ लिहिलं की परीक्षक लाल शाई काढतो. विज्ञानात हाच शब्द रॉकेट-इंजिनाच्या रेट्यासाठी येतो आणि न्यूटनमध्ये मोजतात. ‘पोक’ म्हणजे बोटाने किंवा काठीने ढोसणं. ‘जॉसल’ गर्दीतलं, कोणी मुद्दाम न केलेलं, खांद्याला खांदा लागून होणारं लोटणं. ‘नज’ म्हणजे कोपराने हलकेच ढोसणं. त्याला ‘कोपरखळी’ लिहिण्याचा मोह होतो, पण मराठीत कोपरखळी म्हटली की खोचक विनोद आठवतो आणि ‘नज’मध्ये खोच नाही, फक्त आठवण करून देणं आहे.

‘व्हेन पुश कम्स टू शव्ह’चा अर्थ ‘मारामारीवर आलं की’ असा बरेच जण लावतात. खरा अर्थ ‘अगदीच वेळ आली तर’, म्हणजे बोलण्याचे दिवस संपून करून दाखवायची पाळी आली की. ढकलाढकली वाढून रेटारेटी झाली, ही त्यातली पायरी. आणि ‘शव्ह ऑफ’, ‘शव्ह इट’ ही उर्मट बोलणी आहेत, ऑफिसात तोंडून काढू नयेत. ‘पुश ऑफ’ही ब्रिटिश कानाला ‘चालता हो’ असंच लागतं. होडी काठापासून लोटताना किंवा पोहताना भिंतीला पाय रोवून निघताना मात्र तोच शब्द अगदी निरुपद्रवी आहे.

प्रश्न : बायोडेटात ‘आय ॲम पुशी’ असं लिहिलं, कामाचा पाठपुरावा करतो या अर्थाने. मित्र हसले.

हसणारच. ‘पुशी’ म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर बसून आपलं घोडं दामटणारा. पाठपुरावा करणाऱ्याला ‘पर्सिस्टंट’, जिद्दीने काम करणाऱ्याला ‘ड्रिव्हन’, आपलं म्हणणं ठामपणे मांडणाऱ्याला ‘असर्टिव्ह’. ‘पुशर’ तर त्याहून वाईट. माणसाबद्दल वापरला की तो अमली पदार्थ विकणारा होतो. ‘पुशओव्हर’ ही उलट बाजू: कोणीही गुंडाळावं असा मऊ माणूस, किंवा सहज जिंकता येईल असा सामना. ‘पुशिंग फॉर्टी’मध्ये कोणी काही ढकलत नाही, चाळिशीला टेकला एवढाच अर्थ. तो तरुणपण सरल्यानंतरच्या वयांना, तीस-चाळीस-साठ अशा आकड्यांबरोबर शोभतो. नऊ वर्षांच्या मुलाला ‘पुशिंग टेन’ म्हटलं तर ती थट्टा होते.

प्रश्न : हॉकीच्या समालोचनात ‘पुश’ आणि ‘हिट’ वेगळे सांगतात. क्रिकेटमध्येही ‘पुश’ ऐकू येतो. नियमांत काही अर्थ आहे का?

हॉकीत आहे. ‘पुश’मध्ये स्टिक आधीच चेंडूला लागून किंवा अगदी जवळ टेकवलेली असते, चेंडू आणि स्टिकचं टोक दोन्ही जमिनीला लागलेली असतात आणि मग चेंडू ढकलला जातो. ‘हिट’मध्ये स्टिक लांबून फिरवून आणतात. हा फरक पेनल्टी स्ट्रोकला निर्णायक ठरतो: गोलरेषेपासून 6.40 मीटरवरून घेतलेल्या त्या फटक्यात पुश, किंवा स्टिक न फिरवता चेंडू उचलून टाकणारे फ्लिक आणि स्कूप करता येतात, हिट करता येत नाही. कारण उघड आहे. इतक्या जवळून स्टिक फिरवून मारलं तर गोलरक्षकाला संधी तर नाहीच, इजाही होईल.

क्रिकेटमधला ‘पुश’ नियमात नाही, समालोचकांच्या बोलीत आहे. बॅट फारशी मागे न नेता आणि नंतर फारशी पुढे न नेता चेंडू मोकळ्या जागेत सरकवणं. निव्वळ अडवण्यापेक्षा जास्त, ड्राइव्हपेक्षा कमी, आणि बहुधा एका धावेसाठी.

स्नूकरमध्ये ‘पुश’ हा फाउल आहे. पांढरा चेंडू पुढे निघाल्यावरही क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक त्याला चिकटून राहिलं तर तो टोला नाही, ढकलणं झालं, आणि किमान 4 गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. दोन चेंडू जवळजवळ लागून असले की नवखा खेळाडू इथेच सापडतो.

गोळाफेकीचं नाव मात्र दिशाभूल करतं. पुरुषांचा 7.26 किलोचा आणि महिलांचा 4 किलोचा गोळा फेकायचा नसतोच. तो एका हाताने मान-हनुवटीजवळ धरून खांद्यावरून पुढे ढकलायचा असतो. हात खाली घसरला किंवा खांद्याच्या रेषेमागे गेला तर प्रयत्न बाद. इंग्रजीत ‘शॉट पुट’ म्हणतात त्यातल्या ‘पुट’चा जुना अर्थ ढकलणं हाच आहे, आणि गोल्फमधला ‘पट’ त्याचाच भाऊ.

प्रश्न : ‘पुश नोटिफिकेशन’मध्ये कोण कोणाला ढकलतं? आणि प्रोग्रामिंग शिकताना ‘गिट पुश’ नाकारला जातो, तो का?

ढकलतो सर्व्हर, ढकलला जातो निरोप. ॲपने दर काही मिनिटांनी ‘काही नवीन आहे का’ विचारत राहणं म्हणजे ‘पुल’. त्यात बॅटरी आणि डेटा फुकट जातो. ‘पुश’मध्ये फोन एकच जोडणी कायम उघडी ठेवतो, ती ॲपल किंवा गूगलच्या सेवेशी. ॲपलने ही सेवा 2009 मध्ये सुरू केली. प्रत्येक ॲपला फोनपुरती एक खूण, म्हणजे टोकन मिळतं. ॲपचा सर्व्हर निरोप आणि टोकन त्या सेवेला देतो, सेवा तो उघड्या जोडणीतून फोनवर उतरवते. निरोप पोचत नसेल तर तीन जागा तपासा. परवानगी दिली आहे का (अँड्रॉइड 13पासून नव्या ॲपला ती मागावीच लागते), बॅटरी-बचतीने ॲप झोपवलंय का, आणि ॲप पुन्हा टाकल्यावर जुनंच टोकन सर्व्हरकडे राहिलंय का. तिसरं कारण विकसकाच्या हातातलं, पहिली दोन तुमच्या.

गिट ही प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली. ‘गिट पुश’ म्हणजे आपल्या संगणकावरचे बदल दूरच्या सामायिक साठ्यात पाठवणं. तुम्ही काम करत असताना दुसऱ्याने तिथे आपले बदल घातले असतील, तर तुमच्या प्रतीला त्यांची खबर नसते. तुमचा पुश घेतला तर त्याचे बदल पुसले जातील, म्हणून गिट ‘नॉन-फास्ट-फॉरवर्ड’ म्हणून परतवतं. आधी ‘पुल’ करा, दोघांचे बदल एकाच ओळीवर आदळले असतील तर हाताने सोडवा, मग पुश. ‘फोर्स’ लावून पुढे रेटता येतं, पण त्याने दुसऱ्याचं काम शाखेवरून नाहीसं होतं. सामायिक शाखेवर तो पर्याय वापरू नये.

प्रश्न : नर्सिंगच्या पुस्तकात ‘आयव्ही पुश’ आहे. पुश म्हणजे औषध एकदम सोडायचं का?

नाही. ‘आयव्ही’ म्हणजे शिरेतून, आणि ‘पुश’ने इथे एवढंच कळतं की औषध सलाइनच्या बाटलीतून थेंबथेंब न देता सिरिंजने थेट शिरेत द्यायचं. वेग औषधागणिक ठरतो. हृदयाचे बेफाम ठोके आवरणारं ॲडेनोसिन एक-दोन सेकंदांत देऊन लगेच सलाइनने मागून रेटावं लागतं, कारण रक्तात ते काही सेकंदांतच निकामी होतं. फिट थांबवणारं फेनिटॉइन प्रौढांना मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत. घाई केली तर रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते. म्हणून ‘पुश’ वाचल्यावर शेजारी ‘ओव्हर’ शोधा: ‘ओव्हर टू मिनिट्स’ म्हणजे दोन मिनिटांत सावकाश. ते लिहिलेलं नसेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : ‘रश’, ‘ब्रश’, ‘क्रश’ म्हणायचं आणि त्याच स्पेलिंगला ‘पुश’ आणि ‘बुश’? काही नियम?

नियमापेक्षा इतिहास आहे. पूर्वी या सगळ्या शब्दांत ऱ्हस्व ‘उ’च होता. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलीत तो ‘अ’कडे सरकला. पण जिथे आधीचं व्यंजन ओठांचं होतं, प, ब, फ, व यांच्यापैकी, तिथे ओठ आधीच गोल होत असल्यामुळे पुष्कळदा जुना ‘उ’ टिकला: पुश, पुल, पुट, बुश, बुल, फुल. ‘बट’, ‘फन’, ‘पन’ हे अपवाद पाठच करावे लागतात. उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो बदल झालाच नाही. तिथे ‘रश’ आणि ‘पुश’ यांचं यमक आजही जुळतं.

उच्चारताना ‘उ’ ऱ्हस्वच ठेवा, ‘पूश’ नको. भूतकाळ ‘पुश्ट’ असा एकाच झटक्यात, ‘पुशेड’ असा दोन अवयवांत नाही.

मूळ लॅटिन ‘पुल्सारे’, म्हणजे मारणं, धडकवणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. नाडीला ‘पल्स’ म्हणतात ते याच घराण्यातलं, आणि ‘प्रोपेल’, ‘एक्सपेल’, ‘रिपेल’, ‘कम्पेल’ हेसुद्धा. त्यांच्यातली दिशा आधी येते, एवढाच फरक. ‘प्रो’ पुढे, ‘एक्स’ बाहेर, ‘रि’ मागे. डास हाकलणाऱ्या ‘रिपेलंट’चा शब्दशः अर्थ ‘पुश बॅक’ करणारा. ‘शव्ह’ मात्र अस्सल जर्मानिक. फावड्याला ‘शव्हल’ म्हणतात तो त्याचा सख्खा नातलग.

प्रश्न : ‘पुश द एन्व्हलप’ म्हणजे लाच देणं का?

टेबलाखालून पाकीट सरकवण्याशी याचा काही संबंध नाही. विमानशास्त्रात वेग एका अक्षावर आणि उंची किंवा भार दुसऱ्या अक्षावर घेऊन आलेख काढतात. विमान ज्या मर्यादेत सुरक्षित उडतं तिची कड म्हणजे ‘एन्व्हलप’. चाचणी वैमानिक थोडा वेग, थोडा भार वाढवत ती कड बाहेर सरकते का ते बघतात. त्यावरून, आजवर मानलेली मर्यादा ओलांडून पाहणं असा अर्थ रूढ झाला. रोजचंच काम जरा जोमाने केलं तर त्याला हे म्हणत नाहीत. तिथे ‘पुशिंग हार्ड’ पुरे.